बँडनं नाकारलेले डेमो: संग्रह काढावा की टेप कपाटातच राहू द्यावी?

रिफवेडा

आठवडाभर हेलहॅमर या स्विस मेटल बँडचा 'डीमन एन्ट्रेल्स' ऐकतोय. २००८ साली आलेला संग्रह, दोन सीडींचा. नवं गाणं एकही नाही. १९८३ या एकाच वर्षातल्या तीन डेमो टेपा, म्हणजे अल्बमआधीची कच्ची रेकॉर्डिंगं, आहेत: 'डेथ फीन्ड', 'ट्रायम्फ ऑफ डेथ' आणि 'सॅटॅनिक राइट्स'. पहिली तर बँडनं तेव्हा बाहेरच काढली नव्हती. जूनमध्ये जे काही रेकॉर्ड झालं, त्यातलं निवडून 'ट्रायम्फ ऑफ डेथ' केली आणि उरलेलं ठेवून दिलं.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. झुरिचजवळच्या खेड्यातली, विशीच्या आसपासची पोरं. टॉम गॅब्रिएल फिशर, म्हणजे टॉम वॉरियर, गिटार आणि आवाज. सराव एका बंकरात. वाजवायला धड येत नाही, पण व्हेनम या इंग्लिश बँडपेक्षा काळंकुट्ट काहीतरी करायचंच ही जिद्द. तेव्हाच्या मासिकांनी झोडपून काढलं. मे १९८४ मध्ये बँड संपला आणि महिन्याभरात टॉम आणि मार्टिन एरिक एन यांनी सेल्टिक फ्रॉस्ट उभा केला. हेलहॅमर हे नाव टॉमनं पुढे कित्येक वर्षं दूरच ठेवलं, ती गाणी मंचावर वाजवायलाही तो तयार नव्हता.

माझं म्हणणं असं आहे की डेमो बाहेर यायलाच हवेत. सगळे. फसलेलेसुद्धा. 'मॅनियाक' जूनच्या टेपेवर आहे आणि डिसेंबरच्या 'सॅटॅनिक राइट्स'वरही आहे. दोन्ही लागोपाठ लावा. सहा महिन्यांत ही पोरं कुठून कुठे गेली ते कानाला कळतं. जूनमध्ये ड्रम आणि गिटार एकमेकांना शोधत फिरतात, डिसेंबरमध्ये रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी धून) कुठे थांबवायचा हे त्यांना उमगलेलं आहे. हे मला कुठल्याही मुलाखतीतून कळलं नसतं.

स्पष्टोक्ती

असहमत, आणि मेटल मलाही तितकाच प्रिय आहे म्हणून असहमत.

सेल्टिक फ्रॉस्टचे 'मॉर्बिड टेल्स' आणि 'टु मेगा थेरिऑन' हे अल्बम झाले नसते तर या टेपा आज कोणी ऐकल्या असत्या का? आपण त्या सेल्टिक फ्रॉस्टच्या कानांनी ऐकतो. पुढे काय घडलं ते माहीत असल्यामुळे प्रत्येक चुकीत आपल्याला बीज दिसतं. त्याच वर्षी इतर शेकडो पोरांनीही असंच वाकडंतिकडं वाजवलं असेल. त्यांच्या टेपांत आपण काही शोधत नाही.

दुसरं, नाकारणं हासुद्धा कलाकाराच्या कामाचाच भाग आहे. 'डेथ फीन्ड' बाजूला ठेवण्याचा निर्णय त्याच पोरांचा होता आणि तो बरोबर होता. पंचवीस वर्षांनी तो आपण का फिरवायचा? उत्सुकता म्हणून? उत्सुकता आपली असते, नाव मात्र त्यांचं पणाला लागतं.

आणि अशा संग्रहांमागचं कारण दर वेळी इतकं शुद्ध नसतं. ब्राझीलच्या सेपल्टुरा बँडचा 'ब्लड-रूटेड' घ्या. डिसेंबर १९९६ मध्ये गायक मॅक्स कॅव्हॅलेरा बँडमधून गेला आणि १९९७ मध्ये हा संग्रह आला: कव्हर (इतरांची गाणी), लाइव्ह, इकडचंतिकडचं. त्यातलं सेल्टिक फ्रॉस्टचं 'प्रोक्रिएशन' मला फार आवडतं, पण अख्खा अल्बम मला मधली पोकळी भरायला काढल्यासारखा वाटतो. नवा गायक घेऊन पुढचा अल्बम 'अगेन्स्ट' यायला १९९८ उजाडलं.

चुंबकीफीत

इथे एक गोष्ट सुटतेय. या टेपा कधी कपाटात राहिल्याच नव्हत्या. 'सॅटॅनिक राइट्स' टेप ट्रेडिंगमधून जगभर गेली. टपालानं कॅसेट यायची, दोन डेक जोडून तिची प्रत काढायची, पुढे पाठवायची. पाचव्या-सहाव्या पिढीची प्रत ज्यानं ऐकलीय त्याला माहीत आहे की झांजा उरतच नाहीत, नुसता सूंऽऽ असा आवाज आणि त्याच्या तळाशी बेस. प्रत्येक डेकच्या हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन किंचित वेगळा, त्यामुळे प्रत्येक प्रतीत वरचे स्वर आणखी बोथट. मोटरचा वेग वेगळा असेल तर गाण्याची पट्टीसुद्धा सरकते.

त्यामुळे 'काढावा की न काढावा' असा पर्यायच नसतो. लोक वाईट प्रत ऐकणार की मूळ टेपेवरून काळजीनं केलेली, एवढंच आपल्या हाती आहे. मूळ टेप तरी जपली जाते याची काय खात्री? आयर्न मेडन या इंग्लिश बँडनं 'साउंडहाउस टेप्स' हा डेमो १९७८ च्या शेवटच्या दोन दिवसांत केंब्रिजच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला. मास्टर, म्हणजे मूळ टेप, विकत घ्यायला पैसे नव्हते. काही दिवसांनी परत गेले तर ती पुसलेली! पुढच्या वर्षी ५००० प्रती निघाल्या, म्हणून तो आवाज लोकांपर्यंत पोचला.

अट एकच: रीमास्टर करताना, म्हणजे जुन्या टेपेचा आवाज नव्यानं सुधारताना, तो ठासून भरू नये. डेमोत शांत जागा मुळात कमी असतात, त्या तरी राहू द्याव्यात.

खर्जातला

चुंबकीफीत +१.

संथलय

डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडमुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. 'गोटलॉर्ड'चे सराव १९९०-९१ चे, नुसती वाद्यं. मग बँड ब्लॅक मेटलकडे वळला आणि ते मागे पडले. १९९४ मध्ये ड्रमर फेनरिझनं त्यांवर गाण्याचा आवाज चढवला आणि १९९६ मध्ये तो अल्बम म्हणून बाहेर आला. नंतर २००८ च्या 'फ्रॉस्टलँड टेप्स'मध्ये सुरुवातीच्या डेमोंबरोबर तेच सराव आवाजाविना मिळाले. मी दोन्ही खूप ऐकलेत. आवाज नसलेला ऐकताना मला एक बँड एक रस्ता सोडायच्या बेतात असलेला दिसतो. १९९६ चा ऐकताना दोन वेगळ्या काळातली माणसं एका खोलीत कोंबल्यासारखी वाटतात. म्हणून डेमोला हात लावू नये या मताचा मी आहे.

स्पष्टोक्ती

संथलय, इथे नेमकी उलट बाजू घेते. फेनरिझनं १९९४ मध्ये जे केलं ते मला अधिक प्रामाणिक वाटतं. अर्धवट राहिलेलं काम त्यानं हाती घेतलं आणि पुरं केलं. 'हे घ्या आमचे सराव' यापेक्षा ते कष्टाचं आहे.

आणि रिफवेडा, टॉम वॉरियरचंच दुसरं उदाहरण घ्या. सेल्टिक फ्रॉस्टचे जुने अल्बम २०१७ मध्ये पुन्हा निघाले, त्यात १९८८ चा 'कोल्ड लेक' नाही. तो त्याला नको आहे. 'सगळं बाहेर यायलाच हवं' असं तुम्ही म्हणता, ते स्वतः टॉमलाही मान्य नाही.

रिफवेडा

'कोल्ड लेक'चा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर दोन दिवस विचार केला. पण तो अल्बम दुकानात विकला गेला, लोकांकडे आहे, त्याबद्दल वाद घालता येतो. टॉम फक्त त्याला पुन्हा आपलं म्हणायला नकार देतोय आणि तो हक्क त्याचा आहेच. हेलहॅमरच्या बाबतीत मात्र तो स्वतः रीमास्टरला बसला. २०१९ पासून तर 'ट्रायम्फ ऑफ डेथ' याच नावाचा बँड घेऊन त्यानं ही गाणी मंचावर आणली. ज्या गोष्टीची तीस-पस्तीस वर्षं लाज वाटली तिच्याशी एक माणूस समेट करतोय, आणि 'डीमन एन्ट्रेल्स' मला त्या समेटाचा भाग वाटतो. मार्टिन एन २०१७ मध्ये गेला. तो असताना हे काम झालं याचं मला फार बरं वाटतं.

'सगळे डेमो' हा शब्द मात्र मागे घेतो. ज्याला विचारता येत नाही त्याचं काय, हे माझ्या मनात नव्हतं. डेथ बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनर २००१ च्या डिसेंबरमध्ये गेला आणि २००४ मध्ये कंट्रोल डिनाइड या त्याच्या दुसऱ्या बँडच्या अपुऱ्या दुसऱ्या अल्बमचे डेमो 'झीरो टॉलरन्स' या नावानं आले. मी ते ऐकले आहेत. गिटार ऐकून गलबलून आलं आणि ऐकताना सतत वाटत राहिलं की हे त्यानं मला दाखवलं नसतं. डेथचे अल्बम किती घासूनपुसून केलेले आहेत ते आपण सगळे जाणतो. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

चुंबकीफीत

चकच्या बाबतीत मी रिफवेडाच्याही पलीकडे जाईन. टेप जपावी, डिजिटल प्रत करून ठेवावी, पण विकू नये. जपणं आणि विकणं ही दोन कामं आहेत, आणि माझ्या वरच्या प्रतिसादात मी ती एकत्र केली होती.

स्पष्टोक्ती

आत्ता दोन्ही 'मॅनियाक' लागोपाठ ऐकली, हेडफोन लावून. जूनची मला अजूनही वाईटच वाटते, पुन्हा लावणार नाही. डिसेंबरच्या वेळी मात्र नकळत मान डोलायला लागली, आणि जूनची आधी ऐकली नसती तर ती इतकी डोलली असती का, हे सांगता येत नाहीये. 'बरीड अँड फरगॉटन' डिसेंबरच्याच टेपेवर आहे ना? ते लावते आता.