स्कीवर बाइंडिंग घरीच बसवायचंय, ४.१चा ड्रिल बिट कुठे मिळेल?

वारजेकर
नमस्कार मंडळी. मावसभाऊ म्युनिकहून कायमचा परत आला आणि येताना माझ्यासाठी स्की घेऊन आला. १६२ सेंमी, अजून बर्फ न पाहिलेल्या. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारे भाग, वेगळ्या खोक्यात आहेत, म्हणजे भोकं पाडून बसवायचं काम बाकी. गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला शिकले तेव्हा सगळं भाड्याचं होतं. येत्या जानेवारीत स्वतःच्या स्की घेऊन जायचंय.

पुण्यात हे काम करणारं कुणी मला सापडलं नाही. घरी हातड्रिल आहे. स्कीवर बारीक अक्षरांत ‘४.१ × ९’ छापलंय. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला म्हणतो ४चा बिट घ्या, एवढ्याने काही फरक पडत नाही. खरंच नाही पडत? बाबा म्हणतात आपल्या सुतारांना बोलाव. त्यांचा हात चांगला आहे, पण स्की त्यांनी कधी पाहिलेली नाही.

बूट तिथेच भाड्याने घेणार आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

जुना फिटर
ताई, प्रश्न नेमका तोच आहे. बूट हातात येईपर्यंत ड्रिलची पिन सॉकेटमध्ये घालू नका.

मी ३१ वर्षं पिंपरीत टूलरूमला होतो. मुलगी मनालीला स्की शिकवते. तिच्या आणि तिच्या मित्रमैत्रिणींच्या मिळून नऊ जोड्या मी सहकारनगरच्या घरी बसवल्यात, म्हणून अधिकाराने लिहितोय.

बाइंडिंगचा पुढचा आणि मागचा भाग यांच्यातलं अंतर बुटाच्या तळाच्या लांबीवर ठरतं. ती लांबी बुटाच्या टाचेपाशी मिलीमीटरमध्ये कोरलेली असते. पायाचं माप तेच असलं तरी ही लांबी कंपनीगणिक बदलते. २४.५चेच दोन बूट मी मोजले, एक २८५ निघाला, दुसरा २९२. मागचा भाग थोडा पुढेमागे सरकतो, पण थोडाच. भाड्याच्या दुकानात त्या दिवशी कोणता बूट हाती पडेल, सांगता येत नाही. एकतर आधी स्वतःचे बूट घ्या, नाहीतर भाड्याच्या स्कीवर असतात तशी पट्टीवर सरकणारी बाइंडिंग लावा. पाय नीट सांभाळायचा असेल तर पहिला खर्च बुटावरच करावा, हे माझं ठाम मत.

आता ४ की ४.१. तुमच्या स्कीवर ४.१ आहे म्हणजे वरच्या थराखाली बहुधा धातूचा पत्रा आहे. नुसतं लाकूड असतं तेव्हा ३.५ लिहिलेलं असतं. भोक पाडताना तुम्हाला दिसेलच: आधी प्लास्टिकचा पांढरा कीस, मग अॅल्युमिनियमचे चकचकीत धागे, मग लाकडाचा मऊ पिवळसर भुगा. पत्र्यात भोक कमी पडलं की स्क्रू तिथेच अडतो. जोर लावला की भोकाभोवतीचा थर फुगून वर येतो आणि बाइंडिंग सपाट बसत नाही. त्यामुळे ४.१च घ्या. बोहरी आळीत किंवा भोसरीत टूल्सच्या दुकानात ‘एचएसएस (हाय स्पीड स्टील), चार पॉइंट एक’ मागा. कारखान्यांना ०.१च्या टप्प्याने बिट लागतात, त्यामुळे मिळतो.

पत्र्याला आटेही पाडावे लागतात. त्याचा टॅप १२ एबी. एम६चा चालणार नाही, त्याचे आटे बारीक, या स्क्रूचे जाड. तो बाहेरून मागवा.

९ म्हणजे भोकाची खोली, मिलीमीटरमध्ये. बिटवर स्टॉप कॉलर, म्हणजे बिट ठरल्यापेक्षा आत जाऊ न देणारी कडी, घट्ट बसवा आणि टोकापासून व्हर्नियरने मोजा. नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, ती सरकते. खाली तळ फार लांब नसतो.

पाऊलवाट
मी फ्रान्समध्ये असताना दोन जोड्या घरी बसवल्या. भोकांच्या जागा दाखवणारं कागदी टेम्प्लेट प्रिंट करून वापरणार असाल तर आधी त्यावरची मोजपट्टी स्टीलच्या पट्टीने तपासा.

जुना फिटर
अगदी खरं. माझी पहिली जोडी तिथेच बिघडली. प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून काढली, तिथे ‘फिट टू पेज’ चालू राहिलं होतं. १०० मिमीची रेघ ९७ भरली आणि मी ती मोजलीच नाही. पुढच्या भागाचे तीन स्क्रू बसले, चौथा भोकाच्या कडेला टेकून उभा राहिला. मुलीच्या स्कीला चुकीचं भोक पडलं याचं मला फार वाईट वाटलं. प्लग आणि अॅरल्डाइट घालून ती भोकं बुजवली आणि पूर्ण बाइंडिंग सेंटिमीटरभर मागे घेतलं.

मध्यरेषेलाही वेळ द्या. स्कीच्या कडा वक्र असतात, गुण्या टेकत नाही. मास्किंग टेप लावा, चार-पाच ठिकाणी रुंदी मोजून निम्म्यावर खूण करा आणि त्या खुणा जोडा. बुटाच्या बाजूला मधोमध एक रेघ असते, ती स्कीवरच्या बुटाच्या खुणेवर यायला हवी. मग सेंटर पंच, मग ड्रिल. आधी प्लायच्या तुकड्यावर सगळं एकदा करून बघा.

स्क्रू हातानेच पिळा. मशीनने आटे गेलेले कळतही नाहीत. पेचकस पॉझिड्राइव्ह तीन नंबरचा घ्या. आपला नेहमीचा स्टार त्यात घुसल्यासारखा वाटतो, पण घसरतो आणि डोकं खातो. भोकात दोन थेंब फेव्हिकॉल मरीन सोडा, स्क्रू सहज जातो आणि पाणी आत मुरत नाही. साधा फेव्हिकॉल नको.

पाऊलवाट
बसवून झाल्यावर बूट घालून मागच्या भागाचा दाब बघा. तिथली खूण दिलेल्या मर्यादेत यायला हवी. आणि सुटण्याचा आकडा, ज्याला डिन म्हणतात, तो ‘जरा घट्ट असू दे’ म्हणून वाढवू नका. वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तो तक्त्यात बघायचा. पडल्यावर बूट सुटला नाही तर गुडघा पिळतो. टॉर्क (पिळण्याचा जोर) मोजायचं यंत्र असलेल्या ठिकाणी एकदा तपासून घेता आलं तर अवश्य घ्या.

वारजेकर
काका, पाऊलवाट, मनापासून आभार. बुटाचा विचारच केला नव्हता. आता आधी बूट, तोवर ड्रिल कपाटात. एक शंका राहिली: बाइंडिंगच्या ब्रेकवर (बूट सुटल्यावर स्की थांबवणारे दोन दांडे) ९५ लिहिलंय आणि स्की मधल्या भागात ८८ रुंद आहे. चालेल?

जुना फिटर
चालेल. ब्रेक स्कीपेक्षा थोडा रुंदच हवा, नाहीतर त्याचे दांडे कडांवर अडकतात. काम करताना ते रबरबँडने वर बांधून ठेवा. आणि स्की तोवर उघड्या बाल्कनीत ठेवू नका. पावसाळ्यात कडांना आठवड्यात गंज धरतो, त्यांना मशीन ऑइलचा हात फिरवून कोरड्या खोलीत ठेवा.