दहावीचं गणित : शाब्दिक उदाहरणं, संभाव्यता, क्षेत्रफळ. आता क्लास लावावा का?

जुळे_सोलापूरची_आई :
मुलगा दहावीला, मराठी माध्यम. सूत्रं तोंडपाठ, आकडेमोडही बरी. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन थांबतं. भाग 1 मधली दोन चलांची समीकरणं आणि संभाव्यता, भाग 2 मधलं महत्त्वमापन (क्षेत्रफळ-घनफळ), इथंच मार्क जातात. सहामाही झाली. सात रस्ता, होटगी रोडकडं आत्ता प्रवेश देणारा चांगला क्लास आहे का? की घरीच होईल? पुस्तकही सुचवा.

फळा_खडू :
ताई, सूत्रं येतात ना, मग क्लासचे पैसे वाचवा. तिथं तीच सूत्रं परत फळ्यावर येणार. याचं घोडं अडलंय ते प्रश्न वाचण्यात.

आपली गड्ड्याची जत्रा जवळ आलीच आहे, त्यावरच घाला. पाळण्यात नऊ जण बसले. मोठ्यांचं तिकीट 60, लहानांचं 40, एकूण झाले 440. आधी तोंडी विचारा : सगळेच लहान असते तर? 360. मग वरचे 80 कुठून आले? मोठ्या माणसामागे 20 जादा, म्हणजे मोठे 4, लहान 5. आता मांडू द्या : क्ष + य = 9, 60क्ष + 40य = 440. पहिल्याला 40 नं गुणून दुसऱ्यातून वजा करायचं म्हणजे आत्ता तोंडी केलं तेच. हे एकदा दिसलं की समीकरण परकं वाटत नाही.

पुस्तक बालभारतीचंच. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते. सरावसंच सगळे करतात, प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह मात्र सोडतात. तो सोडवून घ्या.

चादरवाला :
क्षेत्रफळात पोरं एककात मार खातात. आमच्या पुतण्याला विचारलं, 60 बाय 90 इंचाची चादर किती चौरस फूट? 5400 ला 12 नं भागून 450 म्हणाला. म्हटलं, 450 चौरस फुटात आमचं आख्खं घर बसतंय की! भागायचं 144 नं, उत्तर साडेसदतीस. उत्तर आलं की डोळ्यासमोर आणायचं, एवढी एक सवय लावा.

फळा_खडू :
बरोबर. आणि वर्तुळपाकळी (दोन त्रिज्यांमधला भाग) - वर्तुळखंडात (पाकळीतून त्रिकोण काढून उरतो तो) आकृती काढल्याशिवाय सूत्राला हात लावू देऊ नका. त्रिज्या 14 सेमी, कोन 90 अंश : पाकळी 154 चौसेमी, त्यातला काटकोन त्रिकोण 98, उरला खंड 56. आकृतीत काय वजा होतंय ते दिसतं, मग वेगळं पाठांतर कशाला?

संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, पूर्ण लिहायचाच, कंटाळा आला तरी. दोन फाशांची बेरीज 11 येण्याची संभाव्यता पोरं 1/36 लिहितात. (5, 6) आणि (6, 5) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून 2/36, म्हणजे 1/18.

जुळे_सोलापूरची_आई :
धन्यवाद सर. काल दोन नाण्यांचं विचारलं, कमीत कमी एक छापा येण्याची संभाव्यता. म्हणतो, पहिल्यातच छापा आला तर काम झालं, दुसरं कशाला बघायचं? म्हणून शक्यता तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. उत्तर 2/3. यावर मलाच काही सुचेना.

फळा_खडू :
रागावू नका त्याला. फ्रान्सचा मोठा गणिती दालांबेर यानं 1754 साली फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात नेमका हाच युक्तिवाद केला होता! शक्यता तीन मोजल्या, पण त्या समान संभाव्य नाहीत हे निसटलं. पहिल्याच नाण्यावर छापा येणं निम्म्या वेळा घडतं, बाकी दोन्ही पाव-पाव. एक रुपयाचं आणि एक पाचाचं नाणं द्या त्याच्या हातात. नाणी वेगळी दिसली की चार ओळी आपोआप लिहील, त्यातल्या तीनमध्ये छापा. उत्तर 3/4.

विजापूर_वेस :
सगळं खरं ओ सर, पण आमचं पोरगं आईबापासमोर गणित घेऊन बसतच नाही. तिथं काय करायचं?

फळा_खडू :
मग क्लास लावा. पण फी भरायच्या आधी एक-दोन तास बसू द्या. शिकवणारा उदाहरण स्वतःच सोडवून पुढं जातोय, की पोराला फळ्यापाशी उभं करतोय, एवढंच बघा. पहिल्या प्रकारचा असेल तर पुढचा क्लास शोधा.