शरीर त्याचं, पण पाटल्या कुणाच्या?

येरळाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "सज्ञान माणसाने काय ओढावं हे सरकारने ठरवू नये, सगळ्या नशेवरची बंदी उठवा." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. माझा धाकटा दीर एमडीत, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीत, गुंतला. सासूबाईंनी कणगीत ज्वारीखाली दडवलेल्या पाटल्या त्याने हुडकल्या. सकाळी सोप्यात ज्वारीचा सडा, आणि त्या एकेक ओंजळ परत भरत होत्या. तोंडातून शब्द नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कवठेमहांकाळच्या इरळीत, एमडीचा कारखाना सापडला. हे मोकळं सोडायचं?

वाईकर: ताई, वाचून वाईट वाटलं. पण पाटल्या गेल्या त्या बंदी असतानाच. १९८५ पासून एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे, तरी इरळी घडलीच. पोर्तुगालने २००१ मध्ये दहा दिवसांच्या वापरापुरता साठा फौजदारी गुन्ह्यातून काढला, तिथे माणूस कोर्टाऐवजी समितीपुढे जातो. माझ्या भाच्याकडे भरतीच्या तोंडावर गांजाची एक पुडी सापडली. तीन वर्षं अजिंक्यताऱ्याचा चढ पळत होता. तारखा करता करता वय उलटलं.

माणदेशी: अर्धंच सांगताय. पोर्तुगालमध्ये विकणं आजही गुन्हाच आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनने २०२१ मध्ये अशीच सूट दिली आणि २०२४ मध्ये मागे घेतली.

कृष्णामाई: बंदीचं काय होतं ते दारूत बघा. आमच्या गावात दारूबंदीच्या मतदानात बाटली आडवी झाली, दुकान गेलं, माल ढाब्यावर आला, दीडपट दराने. गुजरातेत बंदी असून २०२२ मध्ये बोटादकडे विषारी दारूने चाळीसच्या वर माणसं मेली.

येरळाकाठ: ढाबा गावाबाहेर आहे ना? दुकान शाळेच्या वाटेवर होतं! आमच्याकडे बाटली आडवी होता होता राहिली. यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी बाई त्या दिवशी भांगलायला गेली, तिचं मत आपोआप दुकानदाराला. या नियमावर तुम्ही स्वातंत्र्यवाले कधी बोलत नाही.

कृष्णामाई: नियम चुकीचा आहे, मानलं. पण माझा चुलता ढाब्यावरून रात्री परत येताना गाडीखाली गेला. दुकान गावात असतं तर चालत घरी आला असता. गावाबाहेर गेली म्हणजे संपली असं मला सांगू नका.

माणदेशी: चुलत्याला दारूने मारलं, बंदीने नाही.

कृष्णामाई: माझ्या घरातल्या मयतावर तुम्ही निकाल देऊ नका.

वाईकर: थांबा दोघं. सगळं मोकळं करा हे कालच्या पोस्टवाल्याचं म्हणणं, माझं नाही. ओढणाऱ्याला तुरुंग नको, एवढंच म्हणतो. आपल्याच कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या खटल्यातून त्याला सूट मिळते, मात्र उपचार पुरा करावा लागतो.

येरळाकाठ: हे आम्हाला ना ठाण्यात कुणी सांगितलं, ना वकिलाने. दीर घर सोडून पळतोय तो पकडतील या भीतीनेच. बरं, तुमच्या भाच्याला तुरुंग नको, मान्य. विकणाऱ्यावर मी तसूभर मागे येणार नाही, आणि दारूवरही नाही. ते कलम पुन्हा एकदा नीट लिहा, सासूबाईंना वाचून दाखवते.