जुन्या मस्टँगचं पुढचं सस्पेन्शन: टॉवर कापणाऱ्यांना उत्तर

डेट्रॉइटकर
मागच्या आठवड्यात 'रॅकवाला' यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं: "साठच्या दशकातल्या मस्टँगचं स्टिअरिंग म्हणजे अंदाजपंचे कारभार. शॉक टॉवर कापा, मस्टँग टू पद्धतीचं किट आणि रॅक बसवा. जमत नसेल तर घरच्यांना त्या गाडीत बसवू नका." (शॉक टॉवर म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे उभे खांब, ज्यांच्यावर पुढचं सस्पेन्शन टेकतं; रॅक म्हणजे दातेरी पट्टीवर चालणारं स्टिअरिंग.) त्यावर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझी १९६६ ची फोर्ड मस्टँग कूप आहे. २८९ घनइंचाचं इंजिन, मॅन्युअल स्टिअरिंग. घरचे तिच्यात बसतात आणि धडधाकट उतरतात.

साठ वर्षं जुनं रबर तसंच ठेवायचं आणि खापर डिझाइनवर फोडायचं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आयडलर आर्म म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने धरणारा हात; त्याचा बुश (सांध्यातलं अस्तर) गेला की स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. स्ट्रट रॉडचे (चाकाला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्यांचे) बुश गेले की ब्रेक मारताच चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते. मग कोणीतरी हुशार माणूस प्ले काढायला स्टिअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू पिळतो. बॉक्स मध्यावर आवळतो, वळणानंतर चाक परत येत नाही, आणि निष्कर्ष निघतो की फोर्डला गाडी बनवता येत नव्हती.

दुसरी गोष्ट अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल, कॅस्टर म्हणजे बाजूने बघताना चाक वळतं त्या अक्षाचा मागे-पुढे कल, टो-इन म्हणजे चाकांची पुढची टोकं किती आत वळलेली. फॅक्टरीचे आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या) टायरसाठी होते. कॅस्टर शून्याच्या आसपास, कारण मॅन्युअल स्टिअरिंग हलकं राहायला हवं होतं. तेच आकडे आजच्या रेडियलवर लावले तर गाडी हायवेवर भटकणारच. कॅम्बर उणे अर्धा अंश, कॅस्टर अधिक अडीच-तीन आणि टो-इन एक अष्टमांश इंच एवढं करून बघा, मग बोला.

तिसरी गोष्ट, फोर्डचा इंजिनिअर क्लाउस आर्निंग याने सुचवलेला बदल. वरच्या कंट्रोल आर्मची (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या वरच्या हाताची) भोकं एक इंच खाली पाडायची, बस. वळणावर गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा कॅम्बर हवा तसा बदलतो. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० ला, म्हणजे कॅरोल शेल्बीच्या कंपनीने सुधारलेल्या मस्टँगला, हे होतंच. १९६६ च्या सुरुवातीच्या गाड्यांनंतर शेल्बीने खर्च वाचवायला ते सोडून दिलं. टेम्प्लेट, ड्रिल आणि एक मोकळा शनिवार, एवढ्यात काम होतं.

आता टॉवर का कापू नये ते. या गाडीची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि सगळा भार टॉवरच्या डोक्यावर जातो. पुढचा सांगाडा त्याच हिशोबाने बांधलाय. टॉवर काढून स्प्रिंग खालच्या क्रॉसमेंबरवर आणली की तो भार पातळ पत्र्याच्या रेल्सवर येतो. मस्टँग टू ही १९७४ ची छोटी गाडी. तिचे भाग हॉट रॉडच्या वेगळ्या चासीखाली शोभतात. युनिबॉडीत, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या सांगाड्यात, ते बसवायचे तर वेल्डिंग करणारा खरोखर जाणकार हवा.

रॅकवाला
साहेब, निबंध उत्तम. आता प्रॅक्टिकल बोलूया.

माझ्या १९६५ ला फॅक्टरीचं पॉवर स्टिअरिंग होतं, ते लिंकेजवर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि बाजूला हायड्रॉलिक रॅम असलेलं. गॅरेजच्या फरशीवर कायम तेलाचं थारोळं. व्हॉल्व्ह बदलला, होस बदलले, गळती फक्त जागा बदलायची. शेवटी वैतागून सगळं उपटलं. टॉवर गेल्यामुळे आज त्यात कोयोट, म्हणजे फोर्डचं आधुनिक व्ही-८ इंजिन आहे. तेवढं रुंद इंजिन तुमच्या टॉवरमध्ये बसवून दाखवा.

सुरक्षेचं तुम्ही सोयीस्कर विसरलात. १९६५-६६ चा स्टिअरिंग शाफ्ट बॉक्सपासून चाकापर्यंत एकसंध असतो. समोरून टक्कर झाली तर ड्रायव्हरच्या छातीवर भाला. त्या जागी कोलॅप्सिबल, म्हणजे धक्क्याने दुमडणारा कॉलम टाकलाय. घरच्यांना बसवू नका म्हटलं ते उगाच नाही.

आणि तुमचा तीन अंश कॅस्टर घेऊन पार्किंग कोण करणार? माझ्या बायकोचा खांदा दुखावलेला आहे. तिला ही गाडी चालवायची असते, नुसती फोटोसाठी बाजूला उभं राहायचं नसतं.

वैशाली_एनजे
दोघंही मस्टँगवाले भांडताय म्हणून मध्ये बोलते. आमची १९६८ ची शेव्हरोले कॅमरो. तिची स्प्रिंग खालच्या आर्मवर आणि पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) बोल्टने लावलेला. कापाकापीचा प्रश्नच नाही. हवा तर अख्खा सबफ्रेम बदलता येतो.

पण रॅकची जादू वगैरे म्हणू नका. आधीच्या मालकाने रॅक लावून घेतला होता, टाय रॉडच्या आतल्या जॉइंटची जागा न बघता. टाय रॉड आणि खालचा आर्म एकाच कमानीत वरखाली व्हायला हवेत, नाहीतर चाक खड्ड्यात गेलं की आपोआप वळतं. मी हायवेच्या जॉइंटवरून गेले की स्टिअरिंग हातात उडी मारायचं. शेवटी रॅक काढला आणि जीएमच्या सॅगिनॉ विभागाचा १२.७:१ रेशोचा (थोडं फिरवून जास्त वळणारा) बॉक्स टाकला, नंतरच्या कॅमरोत येणारा. नवीन आयडलर आर्म, नवीन टाय रॉड एंड. मला अजून काही नको आहे.

खरा राग अलाइनमेंटवाल्यांवर. गाडी रॅम्पवर चढवतात, मुलगा स्क्रीन बघतो आणि म्हणतो, "१९६८ सिस्टीममध्ये नाही." मग फक्त टो लावून पूर्ण पैसे घेतो. मी माझे आकडे कागदावर लिहून नेले तर म्हणे इन्शुरन्सच्या कारणाने फॅक्टरीचेच लावू शकतो. शिम (चाकाचा कोन लावायला आर्ममागे घालायच्या पातळ पट्ट्या) म्हणजे काय हे त्याला मी समजावलं!

मोपारवेडा
कॉइल स्प्रिंग घेऊन बसलात दोघंही. क्रायस्लरने, म्हणजे आमच्या मोपारने, टॉर्शन बार दिले होते, पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे. उंची वाढवायची-कमी करायची? एक बोल्ट फिरवा. कडक हवं? जाड बार घाला. टॉवर नाही, कापणं नाही, प्रश्न मिटला.

रॅकवाला
आणि मोपारचं पॉवर स्टिअरिंग? एका बोटाने फिरतं, पण चाकं कुठे बघताहेत ते देवालाच माहीत.

मोपारवेडा
ते मान्य. पण बॉक्स रिबिल्ड करून घेताना असिस्ट (पंपाची मदत) कमी करता येतो.

नाना_ह्यूस्टन
टॉर्शन बारचं एवढं काय कौतुक! आमच्या अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बारच होते. शिवाय रॅक अँड पिनियन. तुम्ही लोक इथे हजारो डॉलर घालून जे बसवताय ते हिंदुस्तान मोटर्स तयार देत होती. वडिलांची मार्क थ्री होती, खंबाटकी घाट कितीदा चढलोय.

रॅकवाला
बघा डेट्रॉइटकर, अँबॅसिडरलासुद्धा रॅक होता.

डेट्रॉइटकर
मग ती मस्टँगपेक्षा चांगली वळायची का? नाना, खरं सांगा.

नाना_ह्यूस्टन
वळायची. हळू वळायची, पण वळायची.

पुणे_५२
नाना, आमच्याकडे पद्मिनी होती. पुढे विशबोन आणि कॉइल, रॅक नाही. घाटात तुमच्या अँबॅसिडरला मागे टाकून जायचो. अँबॅसिडरवाल्यांना सगळं आठवतं, बोट डगमगावी तशी ती डुलायची तेवढं आठवत नाही.

नाना_ह्यूस्टन
पद्मिनीत चार माणसं बसली की मागचा भाग रस्ता झाडत जायचा. अँबॅसिडरमध्ये आम्ही नऊ जण लग्नाला गेलोय, वर होल्डॉल. आणि ती २०१४ पर्यंत बनत होती, तुमची पद्मिनी २००० च्या आसपासच आटोपली.

पुणे_५२
जास्त वर्षं बनली म्हणजे चांगली? सरकारी ऑर्डरी होत्या म्हणून बनली. वर्षानुवर्षं तेच मॉडेल, पुढचा ग्रिल बदलून नवा मार्क. किंगपिनला (चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस मारता मारता आमच्या शेजाऱ्यांचा जन्म गेला.

नाना_ह्यूस्टन
ग्रीस मारायचा आळस असेल तर सायकल घ्यावी.

वैशाली_एनजे
नाना, पण तोच तर डेट्रॉइटकरांचा मुद्दा आहे ना? ग्रीस, बुश, देखभाल.

पुणे_५२
विषयावर येतो. रॅकवाला, तुमची गाडी कधी भारतात आणायचा विचार असेल तर विसरा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. कोयोट घातलेली आणि टॉवर कापलेली मस्टँग म्हणजे व्हिंटेज नव्हे. इथे साधे रुंद टायर घातले तरी हवालदार हात करतो, आणि तुम्ही सांगाडा कापताय!

रॅकवाला
माझी गाडी टेक्ससमध्ये चालते, पुण्यात नाही. आणि 'मूळ स्वरूप' हा धर्म मला सांगू नका. ज्यांना मूळ स्वरूप हवं त्यांनी बायस-प्लाय टायर आणि चारही ड्रम ब्रेक घेऊन पावसात जावं. तेव्हा कळेल वारसा.

डेट्रॉइटकर
मूळ स्वरूपाबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. माझ्या गाडीला पुढे डिस्क आहेत, आर्निंगची भोकं आहेत, टॉवरपासून फायरवॉलपर्यंत एक्स्पोर्ट ब्रेस (टॉवर हलू न देणारा आधार) आहे. १६:१ चा, झटपट वळणारा स्टिअरिंग बॉक्स टाकलाय. मी पुजारी नाही. मी एवढंच म्हणतोय की इंजिन तेच ठेवणार असाल तर कापण्याचं कारण उरत नाही. तुम्हाला कोयोट हवं होतं, म्हणून तुम्ही कापलंत. ते सरळ सांगा ना. सुरक्षेचा झेंडा कशाला?

कॉलमचं मान्य. १९६५-६६ चा शाफ्ट धोकादायकच आहे. पण कोलॅप्सिबल कॉलम आणि वेगळा शाफ्ट असलेला बॉक्स टॉवर शाबूत ठेवूनही बसतो. वहिनींच्या खांद्यासाठी कॉलमवर बसणारी इलेक्ट्रिक मोटर मिळते. डॅशखाली लपते, असिस्ट बटणाने कमीजास्त होतो, तेलाचा थेंब नाही.

रॅकवाला
चला, भाला तरी मान्य केलात. आभारी आहोत.

बुश आणि अलाइनमेंटचं तुमचं बरोबर आहे, तेवढं लिहून देतो. अर्ध्या लोकांची गाडी त्यातच सुधारेल. पण टॉवरबद्दल नाही. तुमच्या त्या पूज्य टॉवरला वरच्या आर्मपाशी तडे जातात, हे तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्या गाडीचे दोन्ही तडकलेले होते आणि आधी कोणीतरी त्यावर पट्ट्या मारून रंग फासला होता. ते दुरुस्त करायचे म्हणजेसुद्धा वेल्डिंगच. मग अर्धवट कशाला?

डेट्रॉइटकर
तडे जातात, खरंय. पण टॉवरच्या पत्र्याचे सुटे भाग नवीन मिळतात. स्पॉट वेल्ड सोडवून तिथेच नवे लावता येतात. तुम्ही दात दुखला म्हणून जबडा काढलात.

रॅकवाला
आणि त्या जबड्यात आता ४०० हून जास्त हॉर्सपॉवर आहे. तुमचं २८९ किती देतं, दोनशे?

डेट्रॉइटकर
दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं दोनशेच. वळणावर तेवढं पुरतं.

मोपारवेडा
हॉर्सपॉवरवर आलात म्हणजे मुद्दे संपले.

नाना_ह्यूस्टन
अँबॅसिडरचं इंजिन पंचावन्नच्या आत-बाहेर होतं. नऊ माणसं, घाट.

पुणे_५२
नाना, पुरे.

नवीन_सदस्य_ओहायो
सगळं वाचलं. माझ्याकडे १९६९ ची मस्टँग आहे, भावाकडून आली. वर शिमबद्दल लिहिलंय, पण मला वरच्या आर्मच्या मागे शिम सापडत नाहीत. कोणी काढले असतील का? गाडी उजवीकडे ओढते.

डेट्रॉइटकर
काढले नाहीत. शिम १९६६ पर्यंत. १९६७ पासून कॅम्बर खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक (मध्य सरकलेल्या) बोल्टने लावतात आणि कॅस्टर स्ट्रट रॉडच्या पुढच्या नटांनी. आधी गाडी उचलून तेच स्ट्रट रॉडचे बुश बघा. दोन बाजूंचे कमीजास्त झिजले असतील तर कॅस्टर दोन्हीकडे वेगळा होतो आणि गाडी ओढते. नवे घाला, मग अलाइनमेंट. आकडे कागदावर लिहून न्या, वैशालीताईंसारखे, आणि त्या मुलाने नाही म्हटलं तर दुसरं दुकान गाठा.

रॅकवाला
किंवा टॉवर कापा आणि सुखी व्हा.