शब्दचर्चा : ‘केबल मॅनेजमेंट’ म्हणजे बांधणी, आखणी की नोंद?

लातूरहून :

सभागृहे, महाविद्यालयांतील वर्ग आणि कार्यालयांची बैठकदालने यांत माइक, स्पीकर, प्रोजेक्टर व कॅमेरे बसवण्याचे काम आमचा छोटा गट करतो. या कामाचे नकाशे ज्या संगणक प्रणालीत काढले जातात, तिच्या पडद्यावरचे शब्द मराठीत करण्याची जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे आणि ‘केबल मॅनेजमेंट’पाशी मी अडलो आहे. आधी मी सरळ ‘केबल व्यवस्थापन’ असे लिहिले होते. आयटीआयमधून तारतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आमच्याकडच्या दोन मुलांना ते दाखवले, तेव्हा एकाने त्याचा अर्थ ‘यंत्रांच्या रॅकमधल्या केबल नीट बांधणे’ असा सांगितला आणि दुसऱ्याने ‘भिंतीत झिरी मारून पाईप कुठून न्यायचा ते ठरवणे’ असा. प्रत्यक्षात ते बटण दाबल्यावर एक तक्ता उघडतो. त्यात प्रत्येक केबलचा क्रमांक, तिचा प्रकार, ती कोणत्या यंत्राच्या कोणत्या पोर्टमधून निघते, कुठे पोहोचते आणि तिची लांबी किती, एवढे असते. मुलांनी आपापल्या कामाप्रमाणे अर्थ लावला. दोष शब्दाचा आहे.

‘केबल’ हा शब्द मात्र मी बदलू इच्छित नाही. महावितरणच्या सूचनांत ‘भूमिगत वाहिनी’ असते हे खरे. पण आमच्या कामात ‘वाहिनी’ म्हटले की मिक्सरचे (अनेक माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राचे) किंवा दूरचित्रवाणीचे चॅनेल डोळ्यांसमोर येते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अंबाजोगाईहून :

‘व्यवस्थापन’ चुकीचे नाही, पण पसरट आहे. इंग्रजीतील तो एक शब्द बांधणी, आखणी आणि नोंद या तिन्ही कामांसाठी चालतो. मराठीत या तिघांना वेगळे आणि रुळलेले शब्द असताना त्यांना एका मोठ्या शब्दाखाली झाकण्याचे कारण मला दिसत नाही. आपला तक्ता ही नोंद आहे, म्हणून शब्दही नोंदीच्या घरातला हवा.

आपल्याकडच्या आडतीवर हिशेब कसा ठेवत, ते आठवून पाहावे. व्यवहार घडला त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरवायचा आणि नंतर तोच खतावणीत दोन खात्यांवर चढवायचा, एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमेस. केबलही नकाशात एकदाच काढली जाते, पण ती दोन यंत्रांच्या खात्यांवर चढली पाहिजे. मिक्सरच्या खात्यावर ‘१०४ क्रमांकाची केबल येथून निघाली’ असे आणि अॅम्प्लिफायरच्या खात्यावर ‘१०४ येथे आली’ असे दिसले पाहिजे. नकाशातील रेघ ही नुसती रेघ असेल, तर यंत्र सरकवले की ती जागेवरच राहते आणि यंत्र पुसले की ती कोणाचीच उरत नाही. तिला स्वतःचा क्रमांक आणि दोन टोकांची दोन खाती असतील, तर एक टोक मोकळे पडताच प्रणाली ते दाखवू शकते. म्हणून मी ‘केबल-खतावणी’ हा शब्द सुचवतो.

नकाशातील बदलांसाठी आपण ‘सुधारित आवृत्ती’ लिहीत असाल, तर त्याजागी महसुलातला ‘फेरफार’ घ्यावा. सातबाऱ्यावरील नाव कोणी परस्पर खोडून नवे लिहीत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक मिळतो आणि ती प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर बदल होतो. केबलच्या बाबतीतही हीच शिस्त हवी. १०४ रद्द झाली, तर तो क्रमांक दुसऱ्या केबलला देऊ नये. रद्द म्हणून तो तक्त्यात राहू द्यावा. हा सगळा अर्थ ‘फेरफार’ या शब्दात आधीच आहे आणि तो आपल्या भागातील शेतकऱ्याच्या कोणत्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

परभणीहून :

‘फेरफार’ मला पूर्ण मान्य आहे. ‘खतावणी’बद्दल मात्र माझा आदरपूर्वक आक्षेप आहे. दादांनी दिलेला दाखला अचूक आहे, तरीही शिडीवर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाने खतावणी पाहिलेली नसते. त्याला ‘नोंदवही’ लगेच कळते.

मला अधिक काळजी दुसऱ्या एका गोंधळाची वाटते. नकाशात ‘जोडणी’ आणि ‘वाट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पडद्यावर दोन्हींना ‘केबल’च म्हटले जाते. जोडणीच्या आकृतीत रॅकपासून प्रोजेक्टरपर्यंतची रेघ वीतभर दिसते. खरी केबल रॅकमधून वर छतापर्यंत चढते, तुळईला वळसा घालते, विजेच्या पाईपपासून अंतर राखत ट्रेमधून जाते आणि मग खाली उतरते. तळनकाशावर मोजलेल्या अंतरात हे चढणे-उतरणे येत नाही, दोन्ही टोकांना ठेवायची जास्तीची लांबीही येत नाही. नेटवर्कच्या कॅट-६ केबलसाठी पक्की बसवलेली लांबी ९० मीटर आणि दोन्ही बाजूंच्या सुट्या तारा मिळून १० मीटर, अशी एकूण १०० मीटरची मर्यादा धरतात. तळनकाशावरून ८० मीटर वाटलेली पक्की केबल प्रत्यक्षात ९५ भरली, तर नोंद कितीही सुबक असली तरी काम फसते. तक्त्यात लांबीचा रकाना ‘वाटेची लांबी’ म्हणून लिहिला, तर लिहिणारा थांबून विचार करील. शब्दाने एवढे काम केलेच पाहिजे.

टोकांविषयीही एक अनुभव सांगतो. एका सभागृहात आधीच्या मंडळींनी केबलच्या एकाच टोकाला चिठ्ठ्या लावल्या होत्या. दुसऱ्या टोकाची केबल कोणती, हे टेस्टर लावून एकेक करून शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. दृक्श्राव्य कामातील केबलच्या चिठ्ठ्यांसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये स्वतंत्र मानक झाले, यावरून हा त्रास सगळीकडचा असावा. म्हणून तक्त्यात ‘स्रोत’ आणि ‘गंतव्य’ असे जड शब्द न ठेवता ‘निघते’ आणि ‘पोहोचते’ असेच ठेवावे. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द तर चिठ्ठीवर येऊच देऊ नये, कारण कोणी तो माइकला वापरतात आणि कोणी स्पीकरला.

पैठणहून :

एकत्र नेलेल्या केबलसाठी ‘गठ्ठा’ लिहिला जातो, त्याऐवजी ‘जुडी’ घ्यावा, एवढेच सुचवायचे आहे. मोळीत लहानमोठी लाकडे असतात आणि गठ्ठ्यात काहीही. जुडीत मात्र सारख्या काड्या देठाला देठ लावून असतात आणि त्या मोजता येतात. मागावर ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या आपल्या घरातून जातो. केबल विंचरून सरळ करण्याचे जे दातेरी साधन मिळते, तेही फणीच आहे. ते साधन प्रणालीतील चित्रांत असेल, तर ‘फणी’ हे नाव निःसंकोच द्यावे.

लातूरहून :

आपणा तिघांचा ऋणी आहे. बटणावर ‘केबल नोंदवही’ लिहितो. तिच्या आत ‘जोडणी’, ‘वाट’, ‘जुडी’ आणि ‘फेरफार’ असे चार भाग करतो, रकान्यांना ‘निघते’, ‘पोहोचते’ आणि ‘वाटेची लांबी’ ही नावे देतो. ‘खतावणी’ बटणावर येत नसली, तरी एखाद्या यंत्रावर टिचकी मारल्यावर त्याला लागलेल्या सगळ्या केबलची जी यादी उघडते, तिला मी ‘यंत्राचे खाते’ म्हणणार आहे. त्या यादीत दादांनी सांगितलेली दुहेरी नोंद जशीच्या तशी दिसते.

एक शब्द अजून सापडलेला नाही. रेघ एका पानावर तुटून दुसऱ्या पानावर पुढे जाते, तेव्हा तिच्या टोकाला बाणाची खूण येते. वर्तमानपत्राप्रमाणे मी तिथे ‘पान ५ वर’ असे लिहून पाहिले आणि ते वाचताना अडखळायला झाले नाही. पण त्या खुणेला स्वतःचे नाव हवे आहे, कारण ती यादीतून निवडावी लागते.

परभणीहून :

‘पानजोड’ चालेल का, पाहावे. दोन वायरी जिथे जोडतात त्याला आमची मुले ‘जोड’च म्हणतात, इथे तो दोन पानांमध्ये आहे.