वेब सर्व्हर शिकायची सुरुवात वेबमिनपासून की थेट फाइलपासून? (मांडणी, शेलकर आणि लॉगवाचक या तिघांची चर्चा)

मांडणी: नवा सर्व्हर, त्यावर अपाचे हा वेब सर्व्हर प्रोग्रॅम. कॉन्फिगरेशन शिकायचं तर वेबमिनपासूनच (ब्राउझरमधून फॉर्म भरून सर्व्हर सांभाळायचं साधन) सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. नवख्याला टायपिंगची अडचण नसते; काय काय बदलता येतं हेच त्याला ठाऊक नसतं. वेबमिनमध्ये अपाचेचं मॉड्यूल उघडलं की पोर्ट, व्हर्च्युअल होस्ट (एकाच सर्व्हरवरची वेगवेगळी साइट), लॉग सगळं समोर दिसतं. नव्या होस्टसाठी पोर्ट, डॉक्युमेंट रूट (साइटच्या फाइल्सचं फोल्डर) आणि सर्व्हर नेम (साइटचं नाव) भरा, मग 'अप्लाय चेंजेस' दाबा. हे शेवटचं बटण विसरू नका. ते राहिलं तर फाइल बदललेली असते, पण चालू अपाचे जुन्याच सेटिंगवर असतो आणि माणूस उगाच ब्राउझरची कॅश साफ करत बसतो.

शेलकर: अजिबात पटलं नाही. ते बटण आत काय करतं हे कळेपर्यंत शिकणं झालंच नाही. डेबियन-उबुंटूवर होस्टच्या फाइल्स 'साइट्स-अव्हेलेबल'मध्ये असतात, 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये त्यांच्या फक्त सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारे दुवे. त्या नावांच्या क्रमाने वाचल्या जातात आणि मागितलेलं नाव कुठेच जुळलं नाही तर अपाचे पहिला होस्ट देतो. डीफॉल्ट फाइलच्या नावाआधी तीन शून्यं असतात ती यासाठीच. सर्व्हर नेममध्ये एक अक्षर चुकलं तर एरर येत नाही, मुकाट डीफॉल्ट पान येतं! 'अपाचेसीटीएल' या कमांडला कॅपिटल 'एस'चा पर्याय द्या. कुठला होस्ट कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे ते छापून मिळतं. फॉर्म भरणाऱ्याला हा क्रम कधी दिसणार?

शिवाय वेबमिन रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वोच्च वापरकर्त्याच्या, अधिकारात चालतं. २०१८ मध्ये त्यांच्या बिल्ड सर्व्हरवरच घुसखोरी होऊन कोडमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. तो १.८९० ते १.९२० या आवृत्त्यांत होता, ऑगस्ट २०१९ मध्ये १.९३० आल्यावर निघाला. असलं दार नवख्याने इंटरनेटवर उघडं ठेवायचं?

लॉगवाचक: उघडं ठेवायला सांगतंय कोण? वेबमिनच्या 'मिनीसर्व्ह.कॉन्फ' या सेटिंग फाइलमध्ये 'बाइंड'पुढे १२७.०.०.१ (म्हणजे फक्त तोच सर्व्हर) लिहा, वेबमिन रीस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये वेबमिनचा १०००० पोर्ट उघडूच नका. आपल्या मशीनवरून एसएसएच टनेलने (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीतून) तो पोर्ट ओढून घ्यायचा आणि ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून लोकलहोस्ट उघडायचं. सर्टिफिकेट स्वतःच सही केलेलं असल्याने ब्राउझर इशारा देईल. टनेलमधून जाताना तो अपेक्षितच आहे.

आणि आत काय होतं ते दिसत नाही, हेही खरं नाही. वेबमिनच्या लॉगिंगमध्ये फाइलमधले बदल नोंदवायचा पर्याय चालू करा. मग 'ॲक्शन्स लॉग'मध्ये प्रत्येक क्लिकमागे कुठल्या फाइलची कुठली ओळ बदलली ते दिसतं. फॉर्म भरायचा, लगेच ती ओळ वाचायची. शिकायला याहून सोपी वाट नाही.

शेलकर: टनेलचा मुद्दा मान्य, तो प्रत्येकाने पाळावा. पण एनजिनएक्सवर, या दुसऱ्या वेब सर्व्हरवर, गेल्यावर काय? तिथे साइटचं फोल्डर सांगणाऱ्या 'रूट'च्या ओळीशेवटी अर्धविराम राहिला तर खालची 'इंडेक्स'ची ओळ त्यालाच जोडून वाचली जाते. कॉन्फिगरेशन फाइलच्या चाचणीत तक्रार येते 'रूट'ला दिलेल्या पर्यायांची संख्या चुकल्याची, आणि ओळक्रमांक दाखवला जातो खालचा! वरची ओळ बघायची सवय हाताने लिहूनच लागते. चाचणी पास झाल्याशिवाय रीस्टार्ट करू नका, आणि शक्यतो रीलोडच करा. चुकीची फाइल असताना रीलोड केलं तर जुनी प्रोसेस चालू राहते. रीस्टार्टमध्ये जुनी आधी बंद होते, नवी उठतच नाही आणि साइट बसते.

मांडणी: चाचणीबद्दल दुमत नाही. तरी पहिला होस्ट फॉर्मनेच करावा, या मतावर मी आहे. दुसरा तीच फाइल कॉपी करून हाताने लिहा, 'ए२एनसाइट' या कमांडने चालू करा आणि मग वेबमिनमध्ये जाऊन बघा. हाताने केलेला होस्टही तिथल्या यादीत दिसतो, कारण वेबमिन त्याच फाइल्स वाचतं.