शाळा पुन्हा बंद ठेवावी लागली, तर विशेष शाळेने पहिल्या आठवड्यात काय करावे?

प्रश्न: विशेष शिक्षिका, अनिवासी विशेष शाळा, सोलापूर जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील विशेष शाळेत दोन वर्षांपासून शिकवीत आहे. शाळेत मुख्यतः बौद्धिक अक्षमता असलेली मुले आहेत, काही स्वमग्न आहेत आणि दोन मुलांना बौद्धिक अक्षमतेबरोबरच श्रवणदोषही आहे. शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने लिहिण्याचे काम मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे सोपविले आहे. जुन्या आराखड्यात आग, भूकंप, सर्पदंश यांविषयी सविस्तर सूचना आहेत, पण साथीच्या रोगामुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिली तर काय करावे, याविषयी एक ओळही नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचे सराव पाठ घरात बसूनच झाले. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाला खुर्चीत नीट कसे बसवावे, हे मी प्रथम मोबाईलच्या पडद्यावर पाहिले आणि प्रत्यक्ष मुलाला हात लावायला मला त्यानंतर दीड वर्ष लागले. त्यामुळे त्या काळात शाळेत काम केल्याचा अनुभव मला नाही. शाळेच्या दप्तरात शोधले, तर त्या दोन वर्षांच्या नोंदवहीत पानोपान ‘पालकांशी दूरध्वनीवर संपर्क साधला’ एवढेच वाक्य सापडते. संपर्क साधून काय बोलणे झाले, मूल कसे होते, हे कुठेही लिहिलेले नाही.

ज्यांनी ती दोन वर्षे प्रत्यक्ष पाहिली, त्यांना माझे विचारणे असे आहे की, मुलांचे जे नुकसान झाले त्यातले टाळता येण्यासारखे कोणते होते, आणि ते टाळण्यासाठी शाळा बंद होण्याच्या आधी किंवा अगदी पहिल्या आठवड्यात काय करायला हवे होते? आराखडा कागदावर शोभून दिसावा एवढीच माझी इच्छा नाही. तो वेळेला उपयोगी पडावा.

उत्तर: सेवानिवृत्त मुख्याध्यापक, कर्णबधिर निवासी विद्यालय

मॅडम, तुमच्याकडे श्रवणदोष असलेली दोन मुले आहेत, म्हणून आधी यंत्रांविषयी लिहितो.

आमचे वसतिगृह आम्ही दोन दिवसांत रिकामे केले. पंधरा दिवसांत मुले परत येतील अशी आमची खात्री होती. पालक मिळेल त्या वाहनाने आले, मुले अंगावरच्या कपड्यांनिशी गेली, पेट्या तशाच राहिल्या. श्रवणयंत्रे मुलांच्या कानांवर होती, पण सेलची पाकिटे शाळेच्या कपाटात राहिली आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. कानामागच्या यंत्राचा झिंक-एअर सेल साधारण आठवडा-दोन आठवडे टिकतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत आमच्या बहुतेक मुलांची यंत्रे बंद पडली होती आणि तालुक्याच्या ठिकाणी तसे सेल विकणारे दुकान असले, तरी ते उघडे नव्हते. मी ही चूक माझीच मानतो. तुमच्या आराखड्यात पहिल्याच पानावर लिहा की, प्रत्येक मुलाच्या नावाची एक पिशवी शाळेत वर्षभर तयार असावी आणि तिच्यात किमान तीन महिन्यांचे सेल असावेत. सेलवरचा रंगीत कागद वापरायच्या वेळीच काढायचा, कारण एकदा हवा आत गेली की सेल यंत्रात नसला तरी उतरत जातो, हेही पालकांना प्रत्यक्ष दाखवून ठेवा. एका आजोबांनी कागद चिकटलेला राहिला तर सेल खराब होईल, या काळजीने सगळ्या सेलचे कागद एकाच दिवशी काढले होते.

दुसरी गोष्ट कानातल्या साच्याची, म्हणजे यंत्राचा आवाज कानात नेणाऱ्या, कानाच्या मापाने बनविलेल्या भागाची. मूल वाढते तसा कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. लहान मुलांचे साचे तर काही महिन्यांतच बदलावे लागतात. घरच्यांना ही शिट्टी म्हणजे बिघाड वाटला आणि महागाची वस्तू खराब होऊ नये म्हणून त्यांनी यंत्रे कपाटात ठेवून दिली. जी मुले मार्चमध्ये हाक मारल्यावर वळून पाहत होती, ती परत आली तेव्हा आवाजाकडे लक्ष देण्याची सवयच विसरली होती.

तरीही मला सर्वांत जास्त सलते ते नुकसान यंत्रांचे नाही. आमच्या बहुतेक मुलांच्या आईवडिलांना ऐकू येते. घरात जेवण, पाणी, झोप, ये, जा, एवढ्यापुरत्या खुणा असतात. मुलांची खरी भाषा वसतिगृहात, एकमेकांच्या हातांतून घडते. वसतिगृह रिकामे करताना आपण मुलांना त्यांच्या भाषेच्या गावाबाहेर पाठवीत आहोत, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. बाजार का बंद आहे, सगळ्यांनी तोंड का बांधले आहे, आजोबांना दवाखान्यातून घरी का आणले नाही, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगणारे घरात कोणी नव्हते. आमच्या सहावीतल्या एका मुलाने सुट्टीच्या आदल्या दिवशी खेळताना खिडकीची काच फोडली होती. आपल्याला त्यामुळेच शाळेतून काढून टाकले, असे तो धरून बसला. एका शिक्षिकेने ऑगस्टमध्ये त्याला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा त्याने पहिली खूण काचेची केली आणि दुसरी क्षमा मागण्याची. म्हणजे पाच महिने ते मूल शिक्षा भोगत होते आणि घरच्यांना तो चिडचिड का करतो एवढाच प्रश्न पडला होता.

म्हणून माझे मत असे की, पहिल्या आठवड्यात अभ्यासाचा विषयच काढू नये. शाळा का बंद झाली, ती पुन्हा उघडणार आहे, तुझी काही चूक नाही, हे प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत एकदा तरी सांगितले गेले पाहिजे. त्यानंतर मुलांची आपापसांत भेट घडवावी. आम्ही पुढे चार-चार मुलांचे गट केले, कारण लहान पडद्यावर चारांपेक्षा अधिक चेहरे आले की हात दिसत नाहीत. उजेड पाठीमागून न येता चेहऱ्यावर आणि हातांवर पडला पाहिजे, एवढे पालकांना सांगावे. शिक्षकाने अर्धा तास गप्प बसून त्यांना बोलू द्यावे. ६ ऑक्टोबर २०२० रोजी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि एनसीईआरटी यांच्यात पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण चित्रफीत मुलाच्या खुणेला उत्तर देत नाही, आणि आमच्या मुलांना त्या वेळी उत्तर देणारे माणूस हवे होते.

उत्तर: विशेष शिक्षिका, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांग विभाग

सरांच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते की, आमच्या मुलांच्या बाबतीत व्हिडिओ कॉलचा उपयोग फार थोडा झाला. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जाणार, आणि संध्याकाळी घरी आला की मोठ्या भावंडांच्या तासिकांसाठी लागणार. आमच्या मुलाची पाळी शेवटी, आणि तोवर ते झोपलेले असते. शिवाय आम्ही जे शिकवितो ते हातात हात धरून शिकवितो. घास तोंडाशी नेणे, शर्टाचे बटण लावणे, पेन्सिल धरणे, यांतले पडद्यावरून काहीही पोहोचत नाही.

आराखड्यात पहिली नोंद औषधांची करा. आमच्याकडील अनेक मुलांना फिट येतात. फिटच्या गोळ्या अचानक बंद झाल्या, तर एकामागोमाग एक फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. टाळेबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात एका आईचा फोन आला की दोनच दिवसांच्या गोळ्या उरल्या आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी जाता येत नाही आणि डॉक्टरांची चिठ्ठी शाळेच्या फाइलमध्ये आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलाच्या चिठ्ठीचे आणि दिव्यांग प्रमाणपत्राचे छायाचित्र पालकांच्या व माझ्या, दोन्ही फोनमध्ये ठेवते. मूळ कागद शाळेत अडकवून ठेवू नयेत.

दुसरी नोंद शरीराची. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांचे स्नायू ताठर असतात. रोजचे ताणाचे व्यायाम थांबले आणि मूल मात्र उंचीने वाढत राहिले, की सांधे आखडत जातात. पायाचे स्प्लिंट, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारे आधार, लहान होतात, टोचतात, म्हणून घरचे ते काढून ठेवतात. आमचा एक मुलगा वॉकर धरून वर्गाच्या दारापर्यंत येत असे. शाळा उघडली तेव्हा वडिलांनी त्याला उचलून आणले, आणि गुडघे सरळ होत नव्हते. हे नुकसान टाळता आले असते, असे मला आजही वाटते. प्रत्येक मुलासाठी तीनच व्यायाम निवडून, त्याच मुलावर त्याच्या आईच्या हातांनी शाळेत करून घेऊन, त्याचे चित्रीकरण आईच्या फोनमध्ये आधीच असते तर बरेच वाचले असते. दुसऱ्याच मुलाचे चित्रीकरण पाहून आई घाबरते. चादरीच्या गुंडाळ्या करून भिंतीच्या कोपऱ्यात कसे बसवावे, याचे छायाचित्रही सोबत असावे.

शिकविण्याविषयी म्हणाल, तर महिन्याला एकच कौशल्य घ्यावे आणि ते घरच्या कामातले असावे. आम्ही ‘पेला धुऊन जागेवर ठेवणे’ हे घेतले. त्याच्या सात पायऱ्या केल्या आणि शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली. म्हणजे सगळे आईने करायचे आणि पेला मांडणीवर ठेवण्याचे काम मुलाचे. ते जमले की त्याच्या आधीची पायरी. प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होते, त्यामुळे ते चिडत नाही आणि आईलाही आपले मूल काहीतरी करते आहे हे दिसते. आठवड्याच्या फोनवर ‘अभ्यास घेतला का’ असे आम्ही आधी विचारीत होतो. उत्तर नेहमी ‘हो’ असे येई. पुढे आम्ही ‘रात्री झोपतो का, कोणाला मारतो का, तुम्ही जेवलात का’ असे विचारू लागलो, तेव्हा बोलणे खरे होऊ लागले. तुमच्या नोंदवहीत एका ओळीपेक्षा अधिक काही यायचे असेल, तर प्रश्न बदलावे लागतील.

एक कायदेशीर बाबही लिहून ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींचा तपशील ठेवणे बंधनकारक आहे. टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालीच झाली होती. तुमच्या शाळेची यादी, औषधांच्या गरजेसह, त्या कार्यालयात आधीच पोचवा आणि पोच घ्या. पोच हातात असली की वेळेला बोलता येते.

उत्तर: एक आई

माझा मुलगा स्वमग्न आहे आणि त्या वेळी अकरा वर्षांचा होता. शाळा बंद झाल्यावर जवळजवळ दोन महिने तो रोज सकाळी साडेआठ वाजता दप्तर अडकवून दारात उभा राहत असे. गाडी येत नाही म्हणून डोके भिंतीवर आपटून घेत असे. ‘शाळा बंद आहे’ हे शब्द त्याच्यासाठी काहीच नव्हते, कारण त्याच्या डोळ्यांपुढे शाळा उघडीच होती.

मग त्याच्या बाईंनी एक दिवस शाळेत जाऊन फाटकाला लावलेल्या कुलपाचे छायाचित्र काढून पाठविले. मी ते छापून घेतले आणि दिनदर्शिकेशेजारी चिकटविले. तो ते कितीतरी वेळ पाहत राहिला, बोट फिरवीत राहिला. दुसऱ्या दिवशी तो दारात आला, पण दप्तर न घेता. बाईंनी पुढे दर सोमवारी तेच फाटक नव्या छायाचित्रात पाठविले आणि शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात कुलूप काढलेल्या फाटकाचे पाठविले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. ‘मुलाने केलेल्या कृतीचे छायाचित्र गटावर टाका’ असे रोज सांगू नका. माझ्या मुलाने त्या काळात कपडे फाडले, झोप सोडली, मला चावला. इतर मुलांची रांगोळीची छायाचित्रे पाहून मी गट उघडणेच सोडले, आणि त्यामुळे कामाच्या सूचनाही माझ्यापर्यंत पोहोचल्या नाहीत.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. पिशवी, चिठ्ठ्यांची छायाचित्रे, तीन व्यायामांचे चित्रीकरण आणि फाटकाचे छायाचित्र, या चारही गोष्टी आराखड्यात घेते. शाळा उघडल्यानंतरची एक शंका उरते. मुखपट्टी सक्तीची असताना ओठ वाचणाऱ्या मुलांना आणि तोंडाला काहीही लावू न देणाऱ्या मुलांना आपण कसे सांभाळले?

उत्तर: सेवानिवृत्त मुख्याध्यापक

ओठांवर प, ब, म हे आधीच सारखे दिसतात आणि क, ग तर दिसतच नाहीत. त्यात मुखपट्टी आली की मुलाच्या हाती काहीच राहत नाही. पारदर्शक मुखपट्ट्या आम्ही आणल्या, पण त्यांवर वाफ धरते आणि स, श यांसारखे बारीक आवाज त्यांतून आणखी दबतात. शेवटी व्हरांड्यात, अंतर ठेवून, पारदर्शक आडपडद्यामागून शिकविणे आम्हांला जमले, आणि खुणांचा वापर वाढविला. आणखी एक लक्षात ठेवा. कानाला अडकवायची पट्टी काढताना कानामागचे यंत्र तिच्याबरोबर निघून पडते. आमची दोन यंत्रे अशी हरवली. त्या मुलांना डोक्यामागे बांधायच्या नाड्यांची पट्टी द्या.

उत्तर: विशेष शिक्षिका, बहुविकलांग विभाग

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते की, विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांवर मुखपट्टीची सक्ती नसावी आणि प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार व्हावा. हे आराखड्यात लिहून ठेवा, म्हणजे तपासणीच्या वेळी मुलावर ओरडण्याची वेळ येणार नाही. आम्ही पट्टी आधी मुलाच्या मांडीवर ठेवली, मग बाहुलीला बांधली, मग हनुवटीला पाच आकडे मोजेपर्यंत लावली आणि मोजणे हळूहळू वाढवीत नेले. बऱ्याच मुलांना पाच-सहा आठवड्यांत जमले. तिघांना शेवटपर्यंत जमले नाही. त्यांची चटई आम्ही मैदानातल्या लिंबाच्या झाडाखाली घातली आणि एक शिक्षिका पूर्ण वेळ त्यांच्याजवळ बसली. पावसाळ्यात ती चटई व्हरांड्याच्या टोकाला आली, पण त्या तिघांना आम्ही घरी पाठविले नाही.